घाम मुलांचा, गल्ला कॉलेजांचा

अमेरिकेतील कॉलेजांत खेळणाऱ्या मुलांना खेळाबद्दल पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नाशी आपल्या व्यापार-उद्योगाच्या पानाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेघा, वर्षाकाठी एक स्पर्धा आणि शेवटी एक करंडक. त्यात पैशाचा प्रश्न येतो कोठे? पण या वादाची माहिती वाचत गेलो, तसे ध्यानात आले की हा खेळाचा वाद नाहीच, मजुरीचा आहे. आणि मजुरीचा वाद म्हटला की तो मालकाचाही असतो व कारागिराचाही. या पानाचे वाचक या दोहोंपैकी कोणी ना कोणी आहेतच.

प्रथम तेथील धंदा समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था पाहते. ती १९०६ साली स्थापन झाली. फुटबॉल (आपला नव्हे, अंगावर धडका घेण्याचा त्यांचा निराळा खेळ) आणि बास्केटबॉल या दोन खेळांवर तेथे लोकांचा जीव आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात. दरवर्षी मार्च महिन्यात होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेच्या टेलिव्हिजन प्रक्षेपणासाठी २०१० साली चौदा वर्षांचा करार झाला, तो १,०८० कोटी डॉलरचा. तिकिटे, जाहिराती, छापील टोप्या आणि जर्सी यांचे पैसे वेगळेच. बहुतेक राज्यांत सरकारी पगारदारांमध्ये सर्वांत जास्त पगार गव्हर्नरांचा नसतो, कॉलेजच्या प्रशिक्षकाचा असतो. या दुकानातील माल म्हणजे अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांचा खेळ. आणि २०२१ सालापर्यंत नियम असा होता की फी, राहणे, जेवण, पुस्तके व असेच ठरीव शैक्षणिक खर्च यांपलीकडे त्या मुलांनी खेळाच्या नावावर एक डॉलरही घ्यायचा नाही.

हा नियम किती कडक होता, याचे एक उदाहरण आमच्या कापडधंद्यातले आहे. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू ए. जे. ग्रीन याने सामन्यात घातलेली स्वतःची जर्सी एक हजार डॉलरला विकली. त्याबद्दल त्याला चार सामन्यांची बंदी झाली. त्याच सुमारास विद्यापीठाच्या दुकानात त्याच्याच आठ क्रमांकाच्या जर्सी उघड विकल्या जात होत्या. जर्सीचे कापड काय भावाचे असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गिऱ्हाईक पैसे मोजतो तो पाठीवरच्या आकड्याचे, आणि तो आकडा ज्याच्या मेहनतीने मोठा झाला, त्याने एक अंगरखा विकला की गुन्हा! कापडाच्या बाजारात आम्ही नाना तऱ्हा पाहिल्या, पण विणणाऱ्याने आपला ताका विकू नये आणि दुकानदाराने मात्र खुशाल विकावा, असा कायदा कोठे पाहिला नाही.

आता हा नियम टिकला कशाच्या जोरावर? एका शब्दाच्या. खेळणाऱ्या मुलाला एनसीएए 'विद्यार्थी-खेळाडू' म्हणते. हा शब्द फार गोड आहे, पण त्याचा जन्म गोड नाही. १९५५ साली कोलोरॅडो राज्यात फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली; कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे कारण दिले. त्याच काळात एनसीएएने सर्व नियमांत व कागदपत्रांत 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द सक्तीचा केला, जेणेकरून कोणी त्यांना नोकर म्हणू नये. हे आमचे म्हणणे नाही. १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षे त्या संस्थेचा कारभार चालवणारे वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात ते कबूल केले आणि मुलांवर अन्याय होतो आहे, असेही लिहिले.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे 'तालिबे-इल्म' हा शब्द आम्हाला मोठ्या अदबीने शिकवला गेला. इल्म मागायला निघालेल्या माणसाचा दर्जा मोठा, असे उस्ताद सांगत. तोच मान एखाद्याला अशासाठी द्यायचा की उद्या तो मेला तर त्याच्या बायकामुलांना काही द्यावे लागू नये, याला काय म्हणावे?

या बाबतीत आपल्या ओळखीच्या एका माणसाचे नाव येते. करीम अब्दुल-जब्बार हे १९६६ ते १९६९ या काळात कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाकडून खेळले, तेव्हा त्यांचे नाव ल्यू अल्सिंडर होते. इस्लाम स्वीकारल्यानंतर १९७१ मध्ये त्यांनी आजचे नाव जाहीरपणे घेतले. त्यांनी विद्यापीठाला लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा सामना पाहायला ५२,६९३ लोक आले होते, आणि तो साऱ्या देशात टेलिव्हिजनवर दाखवला गेला. २०१४ साली त्यांनी एका लेखात लिहिले की त्या दिवसांत खिसा इतका रिकामा असे की अभ्यास, सराव आणि खेळ यांपलीकडे काही करणेच शक्य नव्हते. कॉलेजच्या खेळाडूंनी संघटित व्हावे, असे त्यांचे सांगणे होते. त्याच वर्षी कनेक्टिकट विद्यापीठाच्या विजेत्या संघातील शबाझ नेपिअर या खेळाडूने सांगितले की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत एनसीएएने जेवणावरचे निर्बंध उठवले. मुलाने चारचौघांत भूक सांगावी तेव्हा ताट वाढले जावे, ही काही शोभेची गोष्ट नव्हे.

कॉलेजांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण एकतर्फी निवाडा हा इन्साफ नव्हे. त्यांचे पहिले म्हणणे असे की आम्ही शिक्षण देतो आणि ते फार महाग असते. हे खरे आहे. गरीब घरातील हजारो मुले खेळाच्या जोरावर पदवीधर झाली, ही लहान गोष्ट नाही. पण मजुरी वस्तूच्या रूपात दिली तर ती वस्तू अस्सल तरी हवी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात असे वर्ग चालले की जेथे ना शिकवणे होते ना हजेरी. तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचे गुण घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१४ च्या चौकशी अहवालात हे बाहेर आले. वर चांगले कापड दाखवून आत चिंध्या भरलेली गाठ विकावी, तसा हा प्रकार.

दुसरे म्हणणे असे की बहुतेक कॉलेजांचे खेळखाते तोट्यात चालते. लहान कॉलेजांबाबत हे अगदी खरे आहे आणि तेथे खेळाडूंना पगार देण्यासाठी इतर विद्यार्थ्यांची फी वाढवणे आम्हाला मान्य नाही. जेथे गल्लाच नाही तेथे वाटा कसला? पण मोठ्या कॉलेजांचा तोटा वेगळा. नफा दाखवायचा नसेल तर खर्च कसा फुगवावा, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. २०२३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले. करारातील उरलेल्या वर्षांपोटी त्याचे ७.५ कोटी डॉलरहून अधिक देणे निघाले. काम न करण्यासाठी इतकी रक्कम निघते आणि काम करणाऱ्या मुलासाठी निघत नाही, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

तिसरे म्हणणे आम्हाला सर्वांत वजनदार वाटते. पैसा आला की फुटबॉल आणि बास्केटबॉलची मुले सर्व नेतील. पोहणारे, धावणारे, कुस्ती खेळणारे आणि मुली मागे पडतील. १९७२ च्या कायद्याने तेथे शिक्षणसंस्थांत मुलींना बरोबरीचा हक्क आहे, तोही धोक्यात येईल. ही भीती खोटी नाही, हे पुढे दिसलेच.

न्यायालयांनी एकेक गाठ सोडवत आणली. बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा विनापरवाना विकली जाताना दिसली. त्याने २००९ साली दावा लावला आणि २०१४ साली मोठ्या अंशी जिंकला. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की शैक्षणिक लाभांवर मर्यादा घालणे एनसीएएला बाजारस्पर्धेच्या कायद्याने करता येणार नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव व छायाचित्र वापरून जाहिरातीतून कमाई करण्याची मोकळीक मिळाली. शेवटी ६ जून २०२५ रोजी न्यायमूर्ती क्लॉडिया विल्कन यांनी मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. २०१६ पासून खेळलेल्या मुलांना मिळून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे ठरले आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

मग प्रश्न सुटला का? आमच्या मते अर्धाच सुटला. आपल्याकडे मुदारबतचा व्यवहार सर्वांना ठाऊक आहे. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची आणि नफ्याचा वाटा दोघांच्या रजामंदीने आधीच ठरलेला. अमेरिकेतील ही मर्यादा मोठ्या कॉलेजांच्या सरासरी उत्पन्नाच्या सुमारे २२ टक्क्यांवरून काढली आहे. तेथील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाडूंच्या वाट्याला जवळपास निम्मे उत्पन्न जाते, कारण त्यांची संघटना मालकांसमोर बसून वाटा ठरवते. कॉलेजच्या मुलांना अशी संघटना नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला, पण वर्ष संपता संपता त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. तडजोडीतही खेळाडूला कामगार मानलेले नाही, म्हणजे डेनिसनच्या विधवेने जे मागितले ते हक्क म्हणून आजही ठरलेले नाही. आणि मागील थकबाकीचा फार मोठा हिस्सा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच जातो. त्याविरुद्ध महिला खेळाडूंनी अपील केले.

तेव्हा आमचे मत सरळ आहे. जेथे खेळाची विक्री होते, तेथे खेळणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण त्याआधी इजेची भरपाई सर्वांना, पोहणाऱ्या मुलीलाही आणि फुटबॉलच्या हिरोलाही. त्यानंतर वाटा, आणि तो मुलांच्या प्रतिनिधींबरोबर बसून ठरवलेला. शिक्षण हा त्या मोबदल्याचा भाग जरूर असावा, मोबदला चुकवण्याची सबब मात्र नसावी.

इतके लिहून थांबलो असतो, तर दुसऱ्याच्या घराचे कवडसे मोजल्यासारखे झाले असते. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द वाचताना आम्हाला आपल्या कारखान्यांतील एक शब्द आठवत राहिला: 'शागिर्द'. "पोरगा अजून शिकतो आहे" हे वाक्य आपल्या लूमवर, जरीच्या कारखान्यात, शिलाईच्या दुकानात रोज बोलले जाते. आम्ही स्वतः एका पेढीवर दोन वर्षे 'शिकत' होतो. गाठी उचलल्या, ताके मोजले, दुकान झाडले. हातात पडले ते ईदचे कपडे आणि चहा. धंदा शिकलो हे खरे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण तिसऱ्या महिन्यापासून आमच्या हातून माल विकला जात होता, हेही तितकेच खरे. आणि पुढे आमच्या दुकानात मुले आली, तेव्हा काही वर्षे आम्हीही तेच वाक्य बोललो. ते आता लिहिताना लाज वाटते.

आपल्या देशाचा १९६१ चा अप्रेंटिस कायदा या बाबतीत अमेरिकेच्या पुढे आहे. तो शिकाऊ मुलाला कामगार म्हणत नाही, पण त्याला विद्यावेतन द्यायला सांगतो आणि कामावर इजा झाली तर नुकसानभरपाई मालकावर ठेवतो. शब्द कोणताही असो, जबाबदारी सुटत नाही. आपले पुष्कळ लहान कारखाने या कायद्याच्या सक्तीत येत नाहीत. पण घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची जी ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो, तिला कारखान्याच्या आकाराची अट नाही.

चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावूच नये. तो गुन्हा आहे आणि त्याची जागा शाळेत आहे. त्यावरचा मुलगा शिकायला आला तर चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: शिकण्याची मुदत किती, पहिल्या दिवसापासून दरमहा रक्कम किती, काम विकण्याजोगे झाले की दर काय, आणि बोट मशीनमध्ये गेले तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. कागद एक पानाचा पुरे, त्याची एक प्रत मुलाच्या वालिदांच्या हाती द्यावी.

अमेरिकेच्या कॉलेजांना हा हिशेब करायला सत्तर वर्षे आणि न्यायालयाचे हुकूम लागले. आपण तो या जुम्म्याला, आठवड्याचा हप्ता वाटताना करू शकतो.