जाकीट फळीवर नको, अंगावर हवे

गोव्यात यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदी ३१ जुलै रोजी संपते आणि दर्याला नारळ अर्पण करून नाखवे व खलाशी नव्या हंगामाला लागतात. डिझेल, बर्फ, जाळी, शिधा यांची बेगमी चोख झालेली असते. जीवरक्षक जाकिटे मात्र, असलीच तर, बहुधा केबिनच्या फळीवर बांधून ठेवलेली असतात. त्याने परवान्याची अट पुरी होते. माणसाचे रक्षण होत नाही. या दोहोंतील अंतर किती जीवघेणे असते, हे आमच्या लोकांनी पुरेपूर अनुभवले आहे.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभा असताना शेकडो घरांत सुतक आले. त्यानंतर पाऊण शतक लोटले. तरी १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीतील अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जण प्राणास मुकले, आणि आठवडाभरातच कळंगुटसमोर पर्यटकांची होडी उलटून आणखी एक बळी गेला.

पाण्यात मृत्यू येतो तो पोहता न आल्यामुळेच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा सुमारे पंधराशे माणसे गेली. त्यांपैकी कित्येकांनी जाकिटे घातली होती. ते तरंगत राहिले आणि गारठून मेले, कारण समुद्राचे तापमान शून्याखाली होते आणि होड्यांत निम्म्याच माणसांपुरती जागा होती. या आपत्तीतूनच १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार जन्मास आला. हा परक्यांचा इतिहास म्हणून सोडून देता येणार नाही. गोमंतकातील तारवटी आजही पोटासाठी अशाच थंड समुद्रांतून जहाजांवर राबत आहेत.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातील ऊब ओढून घेते. बर्फगार पाण्यात पडताच माणसाला अनावर धाप लागते. त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी गेले, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. तो आवेग ओसरल्यावर हातापायांत त्राण राहते ते जेमतेम १० मिनिटे. शुद्ध हरपण्यास मात्र तासभर लागू शकतो. म्हणजे मदत पोहोचण्यास अवधी असतो. पण ज्याचे तोंड पाण्यावर राहील, त्यालाच तो उपयोगी पडतो. चांगले जाकीट बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड वर ठेवते. ते असेल तर हातपाय झाडत न बसता गुडघे छातीशी घेऊन, सोबत्यांना बिलगून ऊब राखता येते. बधिर बोटांनी मात्र त्याचे पट्टे बांधता येत नाहीत. ते आधीच बांधलेले असावे लागतात.

आमच्या समुद्राचे पाणी उबदार आहे, असा युक्तिवाद होईल. पण तेही शरीराहून थंडच असते, आणि रात्रभर तरंगणाऱ्याची शक्ती हळूहळू शोषून घेतेच. 'दर्यात वाढलेल्याला जाकीट कशाला?' या अभिमानाचा आम्हांला आदर आहे. तथापि उलटत्या होडीचा फटका डोक्यात बसून जो शुद्ध हरपतो, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे दर्यावर्दीपण तरंगवू शकत नाही. जाड जाकिटामुळे जाळे ओढण्यास अडचण होते, ही तक्रार मात्र रास्त आहे. पाण्यात पडताच वायूने फुगणारी हलकी जाकिटे आज मिळतात. ती महाग आहेत. म्हणूनच डिझेलवर सवलत देणाऱ्या सरकारने त्यांवरही अनुदान द्यावे.

बंदर खात्याने यापुढे जाकिटे केवळ मोजू नयेत. धक्क्यावर उभे राहून ती अंगावर आहेत की नाहीत, हे पाहावे. मुलांसाठी त्यांच्या मापाची जाकिटे असावीत. आणि ज्या बोटीवरील एकाही उतारूच्या अंगावर जाकीट नसेल, त्या बोटीचा दोर धक्क्यावरून सुटता कामा नये.