गळणारा वायू हा गळणारा मालच

गोदामातून रोज एक पोते धान्य नाहीसे होऊ लागले तर कोणता व्यापारी स्वस्थ बसेल? तेल व वायूच्या धंद्यात मात्र वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. विहीर, टाकीचे झाकण, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग, फ्लँजचे जोड, सगळीकडून मिथेन निसटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. घरगुती गॅसला येणारा उग्र वास मागाहून मिसळलेला असतो, त्यामुळे विहिरीवरच्या वायूची गळती बहुधा नाकालाही कळत नाही. वर वीस वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता वाढवतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ अ‍ॅलिसो कॅन्यन येथे जमिनीखाली वायू साठवतात. १९५३ साली खोदलेल्या एका विहिरीची पोलादी नळी बाहेरून गंजून ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली. फेब्रुवारी २०१६ पर्यंत सुमारे ९७ हजार टन मिथेन हवेत गेला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. २०१९ च्या तपास अहवालात निघाले ते अधिक वाईट. त्याच क्षेत्रातील विहिरींच्या नळ्या पूर्वी साठहून अधिक वेळा गळल्या होत्या, पण त्या का गळल्या याचा शोध कोणी घेतलाच नव्हता! डाग दिला आणि पुढे गेले. असे काम आपल्याकडचा साधा फिटरही करणार नाही.

आळसाचे कारण हिशोबात आहे. वायू वाहून नेणारी कंपनी पुष्कळदा वायूची मालक नसते. माल दुसऱ्याचा, मग पाना कोण फिरवणार? म्हणून केवळ उपदेशाने भागणार नाही, कायदा हवा. कोलोरॅडो राज्याने २०१४ मध्ये ठराविक काळाने तपासणी व दुरुस्ती सक्तीची केली.

यात आपल्या कारागिरांचा संबंध काय? रत्नागिरी, रायगडचे कित्येक फिटर व वेल्डर आखातात याच कामावर आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत सौदी अराम्को, अबुधाबीची अ‍ॅडनॉक यांच्यासह सुमारे पन्नास कंपन्यांनी २०३० पर्यंत मिथेनची गळती जवळजवळ शून्यावर आणण्याचे वचन दिले. हे वचन पाळायचे तर इन्फ्रारेड कॅमेरे लागतील, आणि कॅमेऱ्यात धूर दिसला की पॅकिंग बदलणारा, गॅस्केट बसवणारा हातही लागेल. कॅमेरा नट आवळत नाही.

तेव्हा आयटीआयमधून कॅमेरा व मापक यंत्र चालवण्याचे शिक्षण फिटरच्या अभ्यासक्रमातच द्यावे. नाहीतर तपासणीची चांगली मजुरी परदेशी तंत्रज्ञ घेईल आणि आपला माणूस त्याच्यामागे पाना घेऊन उभा राहील. कंत्राट घेणाऱ्या बांधवांनी एक कलम आग्रहाने घालून घ्यावे: दुरुस्तीनंतर त्याच जोडाची त्याच यंत्राने पुन्हा तपासणी, आणि तिचे पैसे वेगळे.