भाबडा प्रेक्षक आणि उसना ल्यूथर

न्या. रानडे यांनी १९०० साली भागवत धर्माला युरोपीय धर्मसुधारणेची उपमा दिली. समीक्षेने तिचा मापदंड केला. मग ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मधील (१९३६) विष्णुपंत पागनीसांपुढे हात जोडणारा प्रेक्षक ‘भाबडा’ ठरला. (विटेनबर्गमधील प्रतिमाभंजन १५२२ मध्ये खुद्द ल्यूथरनेच थोपवले, हे सोयीस्करपणे विसरून!) बारामती-इंदापूरच्या वाटेने पालखीबरोबर चालणारा वारकरी पादुकांना तुकोबा मानून वंदन करतो आणि त्या पादुका आहेत हेही जाणतो, पागनीस नट आहेत, हे त्याला उमगत नसेल? चप्पल घेऊन विठ्ठलाशी भांडायला निघालेल्या जिजाईला हसणारा प्रेक्षकही तोच. हे हसू आणि तो नमस्कार एकत्र सामावणारी संज्ञा ज्या आस्वादमीमांसेपाशी नाही, तिने अडाणीपणाचे दाखले कोणत्या अधिकाराने वाटावेत?