मुलांसाठी मालिका कोण करणार?

लहान मुलांसाठी पुस्तक लिहिणाऱ्यास आपल्याकडे अजून थोडाफार मान आहे. मुलांचे नाटक बसविणाऱ्याचे कौतुक निदान सुटीपुरते तरी होते. परंतु दूरचित्रवाणीवर मुलांसाठी मालिका करणे हा एखाद्या शहाण्यासुरत्या माणसाचा जन्माचा व्यवसाय असू शकतो, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गाच्या पचनी पडलेली नाही. असे काम करणाऱ्यास ‘पुढे काय?’ म्हणून विचारले जाते. जणू हे काम म्हणजे मोठ्यांच्या चित्रपटाकडे जाणाऱ्या वाटेवरची धर्मशाळा! हैदराबादच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, या समजुतीस चोख उत्तर याच शहरात दिले गेले आहे.

राजीव चिलका या गृहस्थांनी अमेरिकेत संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. नोकरीची वाट सरळ होती. ती सोडून ते सॅन फ्रान्सिस्कोस चलच्चित्रणाची कला शिकले आणि 2001 साली हैदराबादेत त्यांनी ‘ग्रीन गोल्ड’ ही संस्था काढली. कृष्ण, विक्रम-वेताळ यांच्या कथांवर त्यांनी हात बसविला आणि 2008 साली ‘पोगो’ वाहिनीवर त्यांचा ‘छोटा भीम’ आला. ढोलकपूर, राजा इंद्रवर्मा, चुटकी, कालिया, जग्गू माकड आणि टुनटुन मावशीचे लाडू ही मंडळी आज ज्या घरात ठाऊक नाहीत, त्या घरात मूल नाही असे खुशाल समजावे. 2019 मध्ये याच भीमाचे रांगते रूप ‘मायटी लिटल भीम’ या नावाने नेटफ्लिक्सवर आले. त्यात संवादच नसल्यामुळे त्यास कोणत्याही देशाची सीमा आडवी आली नाही.

हे कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. एका छोट्या भागासाठी आधी कथा, मग चौकटीचौकटीने काढलेला आराखडा, मग आवाजांचे मुद्रण आणि त्यानंतर हालचालींचे चित्रण, असा लांबलचक खटाटोप असतो. त्याचा खर्च पुष्कळ; उलट परदेशात आधीच आपला खर्च भरून काढलेली मालिका वाहिनीस स्वस्तात मिळते. मग देशी निर्माता तगतो कसा? पात्राचा हक्क आपल्याकडे ठेवून! दप्तरे, बाहुल्या, पुस्तके, चित्रपट यांतून ते पात्र आपला खर्च स्वतः मिळवू लागते. दुसरी गोष्ट अशी की, मोठी माणसे एकदा पाहिलेली मालिका टाकून देतात. मूल तोच भाग दहादा मागते, आणि चारपाच वर्षांत प्रेक्षकांची नवी पिढी पुढे येऊन बसते. म्हणून या धंद्यात चिकाटीस फळ आहे. आजचा भाग चांगला कसा होईल ही दिग्दर्शकाची काळजी. शंभरावा भाग निघेल कसा ही निर्मात्याची. एका माणसाने या दोन्ही काळज्या वर्षानुवर्षे वाहिल्या, तेव्हा भीम उभा राहिला.

आम्ही भीमाचे भाट नाही. लाडू खाल्ला, बळ आले, ठोसा मारला आणि प्रश्न मिटला, ही रीत मुलांस फार सोपी शिकवण देते. संकट आले की चुटकीच्या वाट्यास बहुधा मदतनिसाचे काम येते, हेही खटकते. परंतु दोष दाखविण्यापूर्वी आपल्या पदरी काय आहे, ते पाहावे हे बरे.

मराठीच्या नशिबी येथे चुकामूक आली, तिला अर्धशतक होऊन गेले. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा प्रयोग झाला. सकाळी शाळेतील मुलांसाठी साडेबावीस मिनिटांचे कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड भाषांत होत. कार्यक्रमनिर्मितीचे एक केंद्र हैदराबादेत होते. जुन्या निजामी राज्याच्या तेलंगण भागातील मुलांस ते तेलुगूत मिळाले, गुलबर्गा-रायचूरकडील मुलांस कन्नडात मिळाले. 1956 साली मुंबई राज्यात गेलेल्या मराठवाड्याच्या मुलांस मात्र नाही, कारण महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. ज्या तीन भाषा येथे एकाच छत्राखाली नांदल्या, त्यांतील दोहोंच्या पानावर वाढले गेले आणि तिसरी पंगतीबाहेर राहिली.

मराठीत माणसे नव्हती असे कोण म्हणेल? सई परांजपे यांनी पुणे आकाशवाणीपासून आरंभ केला, 1963 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे शिक्षण पुरे केले, दिल्ली दूरदर्शनवर काम केले, मुलांसाठी ‘पत्तेनगरीत’सारखी नाटके लिहिली आणि बालचित्र समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. पण त्यांचे ‘जादू का शंख’, ‘सिकंदर’, ‘भागो भूत’ हे बालचित्रपट हिंदीत आहेत. यात त्यांचा दोष नाही. पैसा ज्या भाषेत मिळाला, त्या भाषेत कलाकृती झाली. मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ होते. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरून राजदत्तांनी केलेली मालिका 1990 च्या सुमारास घरोघर पाहिली गेली. तिच्यामागून त्या तोडीच्या मालिकांची रांग लागावयास हवी होती. ती लागली नाही. गोट्याने वाट दाखविली, पण त्या वाटेवर ठाण मांडून बसणारा निर्माता मराठीस लाभला नाही.

सरकारी आधारही विरळ झाला आहे. 1955 साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीने 1995 मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे कायमचे ठाणे हैदराबादेत केले. 14 नोव्हेंबरच्या सुमारास येथील चित्रपटगृहे मुलांनी फुलून जात. 2017 सालचा महोत्सव विसावा होता. पुढे 2022 मध्ये ती समितीच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हा कोणी दुसरा येऊन आपल्या मुलांची भूक भागवील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग करावे काय? महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटास अनुदान देते. त्याच न्यायाने मुलांच्या मालिकेस, तीही एका भागापुरते नव्हे तर सलग चार-पाच वर्षे, साहाय्य मिळावे आणि पात्राचा हक्क ते निर्माण करणाऱ्याकडेच राहावा. दुसरे काम आपल्या हैदराबादकरांचे आहे. 1907 सालच्या विवेकवर्धिनीची परंपरा सांगणारा, ग्रंथसंग्रहालय चालविणारा हा समाज आहे. आणि चित्रे हलविण्याची विद्या जाणणारे कारखाने त्याच्या दाराशी आहेत. आपले लेखक, आवाज देणारे नट आणि चित्रकार तरुण यांस या कारखान्यांशी जोडून देण्याचे काम आपल्या संस्थांनी हाती घ्यावे. वर्षातून एक स्नेहसंमेलन कमी झाले तरी चालेल.

आणि घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा ‘मला लहान मुलांच्या मालिका करावयाच्या आहेत’ असे म्हणेल, तेव्हा आईबापांनी कपाळास आठ्या घालू नयेत. येथील मराठी मूल शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर तेलुगू किंवा दखनी बोलते. पडद्यावरचा भीम त्याच्याशी मुख्यतः हिंदीत बोलतो. मराठी त्याच्यापाशी आजीपुरती उरते. ज्या भाषेत मूल हसत नाही, घाबरत नाही, आपल्या लाडक्या वीराला हाक मारीत नाही, ती भाषा ते मोठेपणी कशासाठी बोलेल?