पाइपगॅसच्या बिलातली गायब ओळ

मंडळी, पाइपगॅसचं बिल हातात घ्या. मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, दोन्हींतला फरक. त्या फरकालाच 'एससीएम' म्हणून थेट दर लावलाय का, एवढं बघा. माझ्या बिलात तसंच केलंय, आणि माझं भांडण तिथेच आहे.

एससीएम म्हणजे स्टँडर्ड क्यूबिक मीटर. तापमान १५ अंश आणि दाब १.०१३२५ बार असताना एक घनमीटर जागेत मावेल तेवढा गॅस. घरचा साधा मीटर मात्र फक्त आकारमान मोजतो. आतला गॅस दाट आहे की विरळ, हे त्याला कळत नाही. गॅस तापला की फुगतो, दाब उतरला तरी फुगतो. म्हणजे मीटरवर एक घनमीटर पडला तरी आत गॅस कमी असू शकतो.

आता हिशेब. घरात गॅस साधारण २१ मिलिबार दाबाने येतो, पण तो बाहेरच्या हवेच्या दाबावर वरून २१. मुंबईत समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ च्या आसपास, म्हणजे एकूण १०३४. आपण देशावर, पुण्याएवढ्याच उंचीवर, साधारण ५६० मीटरवर. इथे हवेचाच दाब ९४८ च्या घरात, म्हणजे एकूण ९६९. त्यात भिंतीवरच्या मीटरमधला गॅस ३० अंशांना तापलेला धरा. मग मीटरवरच्या एका घनमीटरात मुंबईत ०.९७ एससीएम गॅस असतो आणि आपल्याकडे जेमतेम ०.९१. शंभर मोजले, मिळाले एक्याण्णव. थंडीत फरक कमी होईल, पण १५ अंशांनाही आपल्याकडे आकडा ०.९६ च्या आसपासच राहतो.

कंपनीच्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मीटर सरकारमान्य आहे." अहो, मीटरवर कुणाचा संशय आहे? मीटर घनमीटर बरोबरच मोजतो. प्रश्न त्याचं एससीएम कसं केलं, हा आहे. मोठ्या कारखान्यांच्या जोडणीवर दाब आणि तापमान बघून आकडा दुरुस्त करणारं यंत्र बसवतात. म्हणजे ही दुरुस्ती करायची असते हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मग स्वयंपाकघराच्या वेळीच विसर का पडतो?

घरोघरी असं यंत्र परवडणार नाही, मान्य. पण गावाची उंची आणि सरासरी तापमान धरून एक गुणक ठरवता येतो की! ब्रिटनमध्ये घरगुती गॅसच्या बिलावर १.०२२६४ हा गुणक छापतात. तिथे थंडी, त्यामुळे तो एकाच्या वर जातो, ग्राहकाला थोडे जास्तच पडतात. तरी छापतात. कारण हिशेब लपवायचा नसतो.

कुणी म्हणेल, महिन्याला पन्नास-साठ रुपयांसाठी एवढं कशाला? महिन्याला १५ एससीएम जळणारं घर धरा, दर ५० रुपये धरा. नऊ टक्के म्हणजे साधारण ६७ रुपये. गावात २० हजार जोडण्या धरल्या तर महिन्याला तेरा लाखांच्या वर. आता छोटी रक्कम वाटते का?

मी याला चोरी म्हणत नाही. कदाचित मीटरच तापमान सांभाळून घेणारा असेल, कदाचित उंचीचा फरक दर ठरवतानाच धरला असेल. असेल तर लेखी सांगा! किती माल मिळाला हे कळणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेच दिलेला हक्क आहे.

मागणी एका ओळीची आहे: मीटरचे घनमीटर गुणिले गुणक बरोबर एससीएम, आणि गुणक कोणता दाब, कोणतं तापमान धरून काढला ते. हे बिलावर छापा.

तुम्ही काय करायचं? मीटरवर नुसतं घनमीटर लिहिलंय की तापमान दुरुस्तीचाही उल्लेख आहे, ते बघा. मग बिलाची प्रत जोडून कंपनीला लेखी विचारा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर तेच पत्र दिल्लीच्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाला पाठवा. एकट्याचं पत्र टोपलीत जातं. दोनशे पत्रांना उत्तर द्यावंच लागतं.