‘एसओएस’च्या भरवशावर

खुब्याचे हाड मोडून दाखल झालेल्या वृद्धाच्या औषधपत्रकावर वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिले जाते, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. मात्र ‘दुखले तर द्या’ म्हटले की औषध मागण्याचे काम रुग्णावर पडते. आणि हा रुग्ण सिस्टरना सारखे कशाला बोलवायचे म्हणून गप्प राहतो, किंवा स्मृतिभ्रंशामुळे त्याला सांगताच येत नाही. न्यूयॉर्कमधील मॉरिसन आणि सिऊ यांच्या २००० सालच्या अभ्यासात खुब्याच्या अस्थिभंगानंतर तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळालेले ओपिऑइड इतरांच्या एक-तृतीयांश होते. दोन्ही गटांचे मोडलेले हाड तेच होते. शिवाय ठरावीक वेळी देण्याची वेदनाशामके दोन्ही गटांत चौथ्या हिश्श्याहून कमी रुग्णांनाच लिहिलेली होती.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मॉर्फीनने म्हातारी माणसे भ्रमिष्ट होतात. भीती निराधार नाही. पण मॉरिसन यांच्याच २००३ सालच्या, ५४१ रुग्णांच्या अभ्यासात दिवसाला १० मिलिग्रॅम मॉर्फीनपेक्षाही कमी मात्रा मिळालेल्यांमध्ये डिलिरियमचा धोका अधिक आढळला, आणि ज्यांची बुद्धी शाबूत होती त्यांच्यात तीव्र वेदनेमुळे तो कित्येक पटींनी वाढला. पेथिडीन मात्र खरोखरच घातक ठरले. म्हणजे प्रश्न औषध निवडण्याचा आणि मात्रा जपून वाढवण्याचा आहे. वेळच्या वेळी पॅरासिटामॉल आणि शक्य तिथे नर्व्ह ब्लॉक दिला, तर ओपिऑइडची गरजच घटते. मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णाला सर्रास डायक्लोफिनॅक टोचताना आपला हात इतका कचरत नाही, हेही नोंदवायला हवे.

हे सारे ठाऊक असूनही टिकत नाही, कारण आपण ते कार्यशाळेवर सोपवतो. कार्यशाळा होते, भिंतीवर तक्ता लागतो, आणि शिकलेल्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली होते. टिटलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १२ रुग्णालयांत केलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुधारणा दिसली, ती नुसत्या प्रशिक्षणाने नव्हे. वॉर्डातल्याच जाणत्या परिचारिका-डॉक्टरांचा पुढाकार आणि केसपेपर तपासून आकडे वॉर्डाला परत दाखवणे हेही त्यात होते. ‘एका सिस्टरमागे इतके रुग्ण, नवी नोंद कोण करणार?’ ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच वेगळा फॉर्म नको. टीपीआर चार्टवर वेदनेच्या आकड्याचा एक रकाना पुरेल, आणि न बोलणाऱ्या रुग्णासाठी श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल व धीर दिल्यावर शांत होणे ही ‘पेनॅड’ या वेदनामापन श्रेणीची पाच निरीक्षणे. वेदनेला ‘पाचवे जीवनलक्षण’ ठरवून अमेरिकेने ओपिऑइडचा अतिरेक ओढवून घेतला, असे कोणी म्हणेल. तिथे चूक झाली ती निव्वळ आकड्यावर उपचार करण्याची. रुग्णाला खोकता येते का, कूस बदलता येते का, खाटेवरून पाय खाली सोडता येतात का, हे आकड्याशेजारी लिहिले आणि औषधानंतर तासाभरात पुन्हा पाहिले, तर मात्रा वाढवण्याइतकीच ती कमी करण्याचीही संधी मिळते. दर महिन्याला प्रत्येक वॉर्डाने दहा केसपेपर काढून एवढेच मोजावे: पुनर्तपासणीची नोंद किती जणांची झाली आहे, आणि ‘एसओएस’ अजून किती पत्रकांवर आहे.