एकाच बाईचे दोन आजार

आरोग्याचा प्रश्न म्हटला की आपल्या गटांमध्ये बाळंतपण, गर्भनिरोधके, गरज नसताना काढली जाणारी गर्भाशये, नवऱ्याची मारहाण हे विषय निघतात. निघायलाच हवेत. पण बीपी आणि शुगर हे शब्द आले की ‘ते डॉक्टरांचे काम’ किंवा ‘ते खात्यापित्या घरचे आजार’ असे म्हणून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे की हाही आपलाच प्रश्न आहे आणि तो आता तरी बैठकीत घेतला पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे दोन आजार पुष्कळदा एकाच शरीरात एकत्र नांदतात. दोन्ही मिळून मूत्रपिंड, डोळे, हृदय आणि मेंदू पोखरतात, आणि बराच काळ दुखत-खुपत काहीच नाही. दोन्ही आजार असलेल्या रुग्णांचा ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास झाला. १९९८ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्यांचा रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे शुगरवाल्या बाईचा बीपी न मोजणे हा जीवघेणा हलगर्जीपणा आहे.

कागदावर हे दोन्ही आजार २०१० पासून एकाच राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी व्हावी, आशाताईंनी घरोघरी जाऊन माहितीचा फॉर्म भरावा, अशी सोय आहे. प्रत्यक्षात काय होते? मी काम करते त्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात बीपी तपासायचा दिवस मंगळवार आणि रक्त तपासायचा दिवस गुरुवार होता. बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळत, शुगरच्या आठच दिवसांच्या. पन्नाशीची एक शेतमजूर बाई मला हिशेब सांगत होती, “ताई, महिन्याला सहा रोज बुडतात. त्यापेक्षा एक आजार सोडून दिलेला बरा.” तिने शुगरच्या गोळ्या सोडल्या. अशा बाईची नोंद ‘औषध घेण्यात अनियमित’ अशी होते. अनियमित कोण आहे, हे आपण विचारले पाहिजे.

यामागे एक जुनी दृष्टी आहे. सरकारी आरोग्य यंत्रणेने बाईकडे वर्षानुवर्षे गर्भाशय म्हणूनच पाहिले. गरोदर असताना तिचा बीपी मोजतात, साखर तपासतात. बाळंतपण आणि नसबंदी झाली की ती रजिस्टरातून गायब होते. वास्तविक गरोदरपणात ज्यांना बीपी किंवा शुगरचा त्रास झाला, त्यांना पुढे हेच आजार होण्याचा धोका जास्त असतो. त्याच वहीतून पुढचा पाठपुरावा सहज होऊ शकेल.

दोन्ही आजार एकत्र पाहण्याला वैद्यकीय कारणही आहे. मधुमेहामुळे लघवीतून प्रथिने जात असतील तर बीपीची कोणती गोळी द्यायची हे बदलते. एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे मूत्रपिंडालाही जपतात. पण हीच औषधे गरोदरपणात बाळाला अपायकारक असतात. म्हणून बत्तीस वर्षांच्या बाईला ती देताना ‘मूल हवे आहे का, गर्भनिरोधक काय वापरतेस’ हे विचारायलाच हवे. मी तरी हे विचारताना फारसे कुणाला पाहिलेले नाही. उपवासांचेही तसेच. चतुर्थी, सोमवार, नवरात्र धरणारी बाई ग्लिमेपिराइडची गोळी उपाशीपोटी घेते, तिची साखर एकदम उतरते, घाम फुटून ती चुलीपाशीच पडते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आला.

‘जीवनशैलीचे आजार’ हा शब्दही तपासून घ्या. मीठ कमी खा, भाजी भरपूर खा, रोज चाला, असा उपदेश तिला मिळतो. सगळ्यांच्या शेवटी जेवणारी, उरलेल्या भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचे खाणारी बाई भाजी कुठून आणणार? दिवसभर खुरपणी करून आल्यावर ती चालायला कधी जाणार? घरातल्या पुरुषाला पथ्य असेल तर त्याचे जेवण वेगळे शिजते. तिच्या पथ्यासाठी वेगळे पातेले कोण ठेवते? मिश्री जरूर सुटावी, पण दोष फक्त तिच्या माथी मारून यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत.

तेव्हा मागण्या नेमक्या करूया. बीपी आणि साखर एकाच दिवशी, एकाच फेरीत तपासा. दोन्ही आकडे एकाच कार्डावर लिहा आणि ते कार्ड बाईच्या हाती द्या. दोन्हींच्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या आणि उपकेंद्रावर द्या. वर्षातून एकदा डोळे, लघवी आणि पाय तपासा. हे वाढीव काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नका, त्याचा मोबदला द्या. यासाठी वेगळ्या इस्पितळांची गरज नाही. आहे त्या केंद्रात दिवस आणि वह्या एकत्र केल्या तरी पुष्कळ साधेल.

गाव आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत आपल्या बायका आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभाही होते. मैत्रिणींनो, पुढच्या सभेला जाताना गावातल्या दहा जणींची कार्डे बरोबर न्या. शेवटचा बीपी कधी मोजला, शेवटची शुगर कधी तपासली आणि गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या, हे तीन रकाने करून वाचून दाखवा. आणि आपल्या गटातल्या चाळिशीपुढच्या किती जणींनी स्वतःची तपासणी केली आहे, हेही त्याच दिवशी मोजा.